पेला आणि पारख

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहावयास जाणारा प्रवासी दोन गोष्टी हमखास सांगत परत येतो. एक दरबार-दालनातील प्रचंड झुंबरांची आणि दुसरी भोजनगृहातील चांदीच्या आगगाडीची. जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १८७४ साली, मायकेल फिलोज याच्या आराखड्याप्रमाणे हा वाडा उभा राहिला. पुढे माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी भोजनाच्या लांबलचक मेजावर रूळ बसविले आणि त्यावरून एक चिमुकली गाडी सोडली. तिच्या डब्यांवर घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत, डब्यांत नक्षीदार काचेच्या कुप्या आहेत. जेवण आटोपले की ही गाडी मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. कोणी कुपी उचलली की ती थांबे, कुपी जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. आज वाड्याच्या संग्रहालयात ती गाडी पाहून लहानथोर सारेच थक्क होतात.

परंतु त्या कुप्यांतील पेयाचा गंध कसा होता, स्वाद कसा होता, ते कोणत्या मळ्यातून आणि कोणत्या साली आले होते, याविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. त्या मेजवानीत गाडी हाच मुख्य पदार्थ होता, मद्य केवळ निमित्तमात्र. वैभवाच्या प्रदर्शनात वस्तूची चव मागे पडते आणि ती ज्या पात्रातून येते त्या पात्राचाच बोलबाला होतो. हा दोष एकट्या संस्थानिकांचा नव्हे. आज आपल्या पंचतारांकित हॉटेलांत आणि किनाऱ्यावरील समारंभांत पांढऱ्या वाइनचा उंच दांडीचा पेला हाती धरून उभ्या असलेल्या मंडळींपैकी किती जणांचे लक्ष पेल्यातील द्रवाकडे असते आणि किती जणांचे आपल्याकडे कोण पाहत आहे याकडे असते, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

याच ग्वाल्हेरीत, त्याच शिंद्यांच्या आश्रयाखाली, अगदी उलट्या प्रकृतीची एक परंपरा वाढली. ती ख्यालगायकीची. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी बडे महंमद खाँ यांचे गाणे पडद्याआड बसून दीर्घ काळ ऐकले आणि ते कंठगत केले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेतील तपशील सोडून दिला तरी तिचे मर्म खोटे ठरत नाही. ज्याला वस्तू हवी आहे त्याने प्रथम तिच्याकडे लक्ष द्यावयास शिकले पाहिजे. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरीस गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे सेवा करून शिकले आणि ती विद्या महाराष्ट्रात घेऊन आले. आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे कोवळ्या वयात घर सोडून, हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरीस पोहोचले आणि निसार हुसेन खाँ यांच्यापुढे बसले. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांना पुढे याच वझेबुवांची तालीम लाभली. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी पेडण्याच्या केरी गावचे. तेव्हा ग्वाल्हेर हे नाव गोमंतकीयाला परके नाही. तेथे आपली तलवार गेली आणि तेथून आपल्याकडे सूर आला.

त्या सुराबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे श्रोत्याची शिस्त. ख्याल ऐकणाऱ्याला राग ओळखावा लागतो, वादीसंवादी स्वरांचे वजन जाणावे लागते, समेची वाट पाहावी लागते. मोठ्या आवाजाला टाळी देणे आणि नेमक्या श्रुतीला मान हलविणे यांतील अंतर ज्याला कळले तो रसिक. ग्वाल्हेरीत तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चघळला असता गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा आहे. आंबट पानाने गोडवा यावा, हा विचार आम्हाला मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण आजच्या आमच्या विषयाचे, म्हणजे रीसलिंग नावाच्या सुगंधी पांढऱ्या वाइनचे, सारे मर्मही आंबटगोडाच्या या नात्यातच आहे.

रीसलिंग ही जर्मनीतील द्राक्षाची एक पांढरी जात. ऱ्हाइन नदीच्या परिसरातील रुसेल्सहाइम येथील काटसेनएल्नबोगन घराण्याच्या एका हिशेबात १३ मार्च १४३५ रोजी या जातीच्या वेली खरेदी केल्याची नोंद आहे, आणि तीच तिची सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. मोझेल नदीच्या काठी पाटीच्या काळ्या दगडाच्या अत्यंत उभ्या उतारांवर हा वेल वाढतो. दिवसा तापलेला दगड रात्री त्याला ऊब देतो. थंड हवेत फळ सावकाश पिकते. साखर भरते, परंतु आंबटपणा ओसरत नाही. या संथ पक्वतेतच त्याचा सुगंध तयार होतो. बाहेरून मसाला, फुले अथवा अत्तर यांतील काहीही न घालता लिंबाची साल, पपनस, हिरवे सफरचंद, पांढरी फुले, मध असे एकामागून एक वास त्या पेल्यातून येतात. ही कविकल्पना नव्हे. द्राक्षाच्या सालीत आणि गरात जी सुगंधी द्रव्ये असतात त्यांपैकी लिनालूल हे आपल्या धण्यांतही आहे आणि जिरॅनिऑल हे गुलाबातही आहे. त्यांतील पुष्कळसा भाग साखरेशी बांधलेला, म्हणून गंधहीन असतो. आंबविण्याच्या आणि मुरण्याच्या क्रियेत तो हळूहळू मोकळा होतो.

अशा पेयाची पारख करण्याची रीत आहे आणि ती अवघड नाही. पेला तळाशी रुंद व तोंडाशी किंचित निमुळता असावा, म्हणजे गंध आत कोंडून राहतो. तो तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक भरू नये. द्रव थंड असावा, पण बर्फासारखा गार नसावा. आठ ते दहा अंश सेल्सियस एवढा गारवा पुरे. त्याहून अधिक गार केल्यास गंध मिटून जातो. वाईट वाइनचे दोष लपविण्यास अतिगारव्यासारखा दुसरा उपाय नाही, हे विक्रेत्यांना चांगलेच ठाऊक असते. प्रथम रंग पाहावा. कोवळ्या रीसलिंगचा रंग फिकट आणि हिरवट झाकीचा असतो, वयाबरोबर तो सोनेरी होतो. मग पेला न ढवळता एकदा वास घ्यावा, नंतर हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. दोन वासांत फरक जाणवतो. त्यानंतर एक लहान घोट जिभेवर सगळीकडे फिरू द्यावा. गोडी चटकन कळते. आंबटपणा मात्र जिभेच्या कडांना पाणी सुटते त्यावरून मोजावा. घोट गिळल्यावर किंवा थुंकून टाकल्यावर श्वास नाकातून बाहेर सोडावा, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात गेलेला वासच असतो. सर्दी झाली असता जेवण बेचव का लागते, याचे उत्तरही हेच आहे. शेवटी तो स्वाद किती वेळ रेंगाळतो ते पाहावे. पाण्यासारखा लगेच निघून गेला तर वाइन सामान्य. समेनंतर तंबोऱ्याचा स्वर उरावा तसा उरला तर ती जातिवंत.

घोट थुंकून टाकण्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. जगभरातील व्यावसायिक पारखी सकाळपासून डझनावारी वाइन चाखतात आणि जवळजवळ साऱ्या थुंकून देतात. ज्याला नशा हवी तो असे कधी करणार नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, पारख आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

रीसलिंगमध्ये गोडी असते, म्हणून कित्येक जाणते म्हणविणारे तिला नाक मुरडतात. वास्तविक काही रीसलिंग पूर्णतः कोरडी असते, काही किंचित गोड, तर उशिरा खुडलेल्या द्राक्षांची मधासारखी. प्रश्न गोडीचा नसून तोलाचा आहे. आपल्या घरच्या अमसुलाच्या सरबताचे उदाहरण घ्यावे. साखर कमी पडली तर दात आंबतात, अधिक झाली तर नुसता पाक होतो. दोन्ही नेमके जुळले म्हणजे गोडही वेगळे दिसत नाही आणि आंबटही वेगळे दिसत नाही. मोझेलच्या हलक्या रीसलिंगमध्ये मद्यार्काचे प्रमाण कधी आठ-नऊ टक्क्यांपर्यंतच असते. मद्यार्क तिखटाची आग वाढवितो आणि थोडी गोडी ती शमविते. म्हणून मिरचीच्या जेवणाशी जाड, कडक वाइनपेक्षा ही वाइन अधिक जमते. आपल्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीशी तिचा मेळ बसू शकतो, हे युरोपातील कोणी पारखी सांगण्याची वाट आपण का पाहावी?

रीसलिंगची आणखी एक खोड नवख्याला बुचकळ्यात टाकणारी आहे. बाटलीत काही वर्षे मुरल्यावर तिला पेट्रोलचा, आपल्या भाषेत सांगावयाचे तर रॉकेलचा, वास येतो. तो फळाच्या रंगद्रव्यांचे कालांतराने विघटन होऊन उत्पन्न होतो. प्रथम भेटीत मनुष्य बाटली परत पाठवील. पारखी मात्र म्हणेल की, मध आणि लिंबाच्या मागे तो मंदपणे जाणवत असेल तर वयाची शोभा आहे, पुढे येऊन उभा राहिला तर दोष आहे. सुक्या बांगड्याचा अथवा फणसाचा वास परक्याला असह्य वाटतो आणि आपल्याला भूक लागते, त्यातलाच हा प्रकार. गंध चांगला की वाईट हे केवळ नाक ठरवीत नाही, नाकामागची ओळख ठरविते.

आता कोणी विचारील की, जर्मनीतील थंड डोंगरावरच्या या वेलीशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो नाशिकपर्यंत येऊन ठेपला आहे. सुला या कंपनीने १९९७ च्या सुमारास नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षवाइनच्या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यापूर्वी नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करून दाखविली होती. आज नाशिकच्या द्राक्षाची रीसलिंगही बाटलीत मिळते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि शरदात फळ देतो. आपल्याकडे त्याला झोप नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा सरताना, आणि वाइनचे पीक जानेवारी ते मार्च या थंड-कोरड्या दिवसांत खुडतो. तरीही दुपारचे ऊन कडक पडते. उष्णतेने फळातील आंबटपणा झपाट्याने घटतो आणि घडांवर थेट ऊन पडल्यास तो रॉकेलचा वासही वाढतो. पाने किती ठेवावीत, सावली किती द्यावी, पहाटे किती वाजता खुडावे, या एकेका निर्णयावर पेल्यातील गंध अवलंबून असतो. या कष्टांचे चीज व्हावयाचे तर ते ओळखणारा गिऱ्हाईक हवा. तो नसेल तर शेतकऱ्याने सुगंधासाठी जीव काढावा की वजनासाठी, याचे उत्तर बाजार एका हंगामात देऊन टाकील.

वाइनची पारख ही पाश्चात्त्यांची चैन आहे, हा आक्षेपही तपासून पाहण्यासारखा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून, ज्या प्रदेशातून ते येई त्यावरून 'कापिशायन' आणि 'हारहूरक' ही त्याची नावे दिली आहेत. म्हणजे मळ्याच्या मुलखावरून मद्य ओळखण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन काळी रूढ होती. चरकसंहितेने मदात्ययाच्या प्रकरणात मद्याचे गुण वर्णिले आणि त्याच प्रकरणात अविधीने घेतलेल्या मद्याचे विषासारखे परिणामही सांगितले. रसांचे सहा प्रकार मोजणाऱ्या या देशाला चाखण्याचे शास्त्र परके कसे असेल? आमच्या मराठीत तर वासांसाठी केवढी शब्दसंपत्ती आहे! परिमळ, दरवळ, घमघमाट, दर्प, उग्र, खमंग, खरपूस, कुबट, ओशट, आंबूस, हिरवट. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक 'कळकते', ही एकच क्रिया सांगण्यास दुसऱ्या कित्येक भाषांना अख्खे वाक्य लागेल. उणीव शब्दांची नसून ते वापरण्याच्या सवयीची आहे.

येथपर्यंत वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. आमच्या वाचकांत मद्याला आयुष्यात स्पर्श न केलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि दारूने धुळीस मिळविलेली घरेही या वाचकांनी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या भावनेविषयी आम्हाला आदर आहे आणि त्यांचा मुद्दा खराही आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस मुभा देण्याचे ठरविले, तेव्हा काही पुढाऱ्यांनी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद केला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ उठला आणि तो निर्णय मागे पडला. तो युक्तिवाद आम्हाला मुळीच मान्य नाही. वाइन ही दारूच आहे. तिच्यातील मद्यार्क हा फेणीतील मद्यार्कापेक्षा वेगळा नाही. प्रमाण तेवढे कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपेयांना कर्करोगकारक ठरविले आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे खुद्द त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. शेतकऱ्याच्या हिताची शाल पांघरून या सत्यावर पडदा टाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

परंतु दुसऱ्या बाजूचेही एक अपुरेपण आहे. मद्य वाईट एवढेच म्हणून जो थांबतो, तो सारे मद्य एकाच मापाने मोजतो. आणि नेमके तेच आपल्या सरकारांनाही सोयीचे पडते. अबकारी खात्याच्या वहीत सुगंधाला रकाना नाही. तेथे लिटर आहेत, मद्यार्काचे अंश आहेत आणि रुपये आहेत. अशा व्यवस्थेत स्वस्त आणि जहाल ते जिंकते, कष्टाचे आणि नाजूक ते हरते. न पिणाऱ्याचे व्रत आम्हाला वंद्य आहे. त्याला कोणी मागासलेला समजू नये आणि समारंभात आग्रहही करू नये. पण जो पिणारच आहे त्याने आंधळेपणाने पिण्याऐवजी डोळसपणे, थोडे आणि ओळखून घ्यावे, यात समाजाचे नुकसान नाही. बाबराने १५२७ साली खानव्याच्या लढाईपूर्वी मद्य वर्ज्य केले, सोन्याचांदीचे पेले मोडून वाटून टाकले. पुढच्याच वर्षी तो ग्वाल्हेरीस आला, तेव्हा तेथील बागेतील कण्हेरीचा गडद तांबडा रंग त्याच्या नजरेत भरला आणि त्याने ती झाडे आग्र्याला नेवविली. पेला सुटला म्हणून पारख सुटत नाही. रसिकता मद्यावर अवलंबून असती तर हे घडले नसते.

पारख नाहीशी झाली म्हणजे काय होते, याचा धडा रीसलिंगच्याच मुलखाने दिला आहे. १९७१ च्या जर्मन कायद्याने मळ्यांची जुनी नावे एवढी सैल केली की, नामांकित गावाचे नाव दूरच्या सामान्य जमिनीतील वाइनलाही लावता येऊ लागले. बाजारात गोडमिट्ट, स्वस्त, बेचव पांढऱ्या वाइनचा पूर आला. त्यांत रीसलिंगचा अंश फारसा नसे, पण बदनामी तिच्या वाट्यास आली. शेजारच्या ऑस्ट्रियात त्याहून भयंकर घडले. तेथे काही व्यापाऱ्यांनी उशिरा खुडलेल्या द्राक्षांचा गोड भरदारपणा वाइनला यावा म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळले. १९८५ साली हा प्रकार उजेडात येताच देशाची निर्यात कोसळली. त्यानंतर तेथे कठोर कायदा झाला आणि गेलेला विश्वास मिळविण्यास पुष्कळ वर्षे लागली.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. खानदेश, निमाड, बैतूल या टापूंत रोशा गवत उगवते आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल, म्हणजे रीसलिंगला आणि गुलाबाला गंध देणारे तेच द्रव्य, विपुल असते. हे तेल एकेकाळी मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जाई, तेथे गुलाबाच्या महाग अत्तरात मिसळले जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याला नाव मिळे 'तुर्की' तेलाचे. गवत आपले, भट्टी आपली, घाम आपला. नाव मात्र दुसऱ्याचे. ज्या मालाची ओळख त्याच्या मालकालाच सांगता येत नाही, त्याचे दुसरे काय होणार?

म्हणून गोमंतकाने ही गोष्ट मनावर घ्यावी, असे आम्हाला वाटते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली राज्याने तिला वारसापेय म्हणून मान्यता दिली. कागद झाले, पारखी किती झाले? बोंडू झाडावरून न तोडता पिकून खाली पडल्यावर वेचावा, निरो नैसर्गिक रीतीने आंबावा, एकदा ऊर्ध्वपातन करून हुर्राक आणि पुन्हा करून फेणी काढावी, ही शिस्त पेडणे, सत्तरी, काणकोण येथील जुन्या भट्टीवाल्यांना पाठ आहे. तळहातावर दोन थेंब चोळून वास घेणारा आणि पेल्यातील बुडबुड्यांवरून तेज सांगणारा म्हातारा हा मोझेलच्या पारख्यापेक्षा रतिभरही कमी नाही. परंतु पर्यटकाच्या हाती पडते ती कित्येकदा कृत्रिम अर्काची, भडक बाटलीतील फेणी. आणि तिच्यावरून तो आपल्या प्रदेशाची परीक्षा करतो. 'पोर्ट' या नावाने येथे विकल्या जाणाऱ्या गोड वाइनची कथाही निराळी नाही. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातील. त्या खोऱ्याच्या सीमा पोर्तुगालने १७५६ सालीच आखून दिल्या होत्या. आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी आपला माल कसा जपला, एवढा धडा तरी आपण त्यांच्यापासून घ्यावयास हवा होता.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. फेणी असो वा वाइन, बाटलीवर फळ कोणते, ते कोठले, कोणत्या हंगामाचे आणि त्यात काय मिसळले आहे, हे मराठी आणि कोकणीत ठळक छापणे सक्तीचे करावे. भेसळ पकडणारी प्रयोगशाळा आणि तिचे जाहीर निकाल हवेत. हॉटेल-व्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत परदेशी द्राक्षांची नावे पाठ करून घेतली जातात, त्याबरोबर भट्टीवरच्या जाणत्या माणसांना मानधन देऊन वर्गात बोलावावे. पारखीसाठी तोच वर्ग चहा, कोकम, मानकुराद आंबा आणि उकड्या तांदळावरही चालवावा, म्हणजे मद्य न घेणाऱ्या मुलांनाही नाकाचे आणि जिभेचे शिक्षण मिळेल. आणि मद्याच्या महसुलातील एक निश्चित वाटा व्यसनमुक्तीवर खर्च व्हावा. जो या व्यवसायाचा लाभ घेतो त्याने त्याची जखमही बांधली पाहिजे.

ग्वाल्हेरला ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने संगीताचे सर्जनशील शहर म्हणून गौरविले. हा गौरव त्या शहराला चांदीच्या गाडीमुळे मिळालेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कान तयार करणाऱ्या माणसांमुळे मिळाला. कान तयार करावा लागतो, तसे नाकही तयार करावे लागते. ती तयारी आपण करणार नसू, तर नाशिकच्या वेलीवर आणि सत्तरीच्या काजूवर कितीही सुगंध फुलला तरी त्याची किंमत ठरविणारा दुसराच कोणी असेल.